मोबाइलमधील पत्ते संगणकाच्या ई-मेलमध्ये कसे आणाल?

अहिल्यानगर, प्रतिनिधी - दूरध्वनीशेजारी ठेवलेली, कोपरे दुमडलेली आणि पाने सुटू लागलेली पत्त्यांची डायरी आता बहुतेक कार्यालयांतून हद्दपार झाली आहे. तिची जागा मोबाइलने घेतली असून मोबाइलमधील नावे व क्रमांक गुगल किंवा ॲपलच्या दूरवरच्या सर्व्हरवर, म्हणजेच ‘क्लाउड’मध्ये साठविले जातात. मोबाइल हरवला तरी नवा घेऊन त्यात आपले खाते उघडले, की सगळी नावे परत येतात, हा अनुभव आता सर्वपरिचित आहे. मात्र कोटेशन, नोटीस, विवरणपत्र किंवा बिल पाठविण्याची वेळ आली, की अनेकजण संगणकासमोर बसतात आणि तेथे मोबाइलमधील हीच यादी दिसत नाही. संगणकावरील ई-मेलचा प्रोग्रॅम आपल्या आठवणीतले जुनेच पत्ते पुढे करीत राहतो.

ही अडचण वरवर किरकोळ वाटते, परंतु तिचे परिणाम तसे नसतात. ‘पाटील’ एवढे टाइप केल्यावर जो पहिला पत्ता समोर येईल त्यावर घाईत एंटर दाबले जाते आणि एका अशिलाची कागदपत्रे दुसऱ्याच पाटलांकडे रवाना होतात. ई-मेल एकदा गेले की टपालपेटीतल्या पाकिटासारखे ते परत काढून घेता येत नाही. जीमेलमध्ये संदेश मागे घेण्यासाठी जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात आणि तेही ठरवून ठेवले असतील तरच. वकील, कर सल्लागार, विमा प्रतिनिधी, दूध संस्था, पतसंस्था, कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे लघुउद्योजक या साऱ्यांच्या दृष्टीने संपर्कांची यादी ही एका अर्थाने भांडवलच असते. ती दोन ठिकाणी वेगवेगळी ठेवणे म्हणजे दोन वह्यांत दोन हिशेब ठेवण्यासारखे आहे.

नगर जिल्ह्यातील वाचकांना या विषयाकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. चौंडी येथे ३१ मे २०२३ रोजी जिल्ह्याच्या नामांतराची घोषणा झाली, मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यास मंजुरी दिली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘अहिल्यानगर’ हे नाव अधिकृत झाले. त्यानंतर सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचेही नाव बदलले. हजारो पत्त्यांच्या नोंदींत जुने नाव आहे आणि ते बदलण्याचे काम अनेक कार्यालयांत अर्धवट पडले आहे. ते करावयास बसण्यापूर्वी संपर्कांची एकच यादी सर्वत्र चालेल अशी व्यवस्था करणे श्रेयस्कर ठरते. अन्यथा एका यादीत अहिल्यानगर, दुसरीत अहमदनगर आणि तिसरीत सर्वांच्या तोंडी असलेले नुसते ‘नगर’, असा प्रकार होतो.

उतारा आणि मूळ दप्तर

क्लाउडमधील संपर्क संगणकावर आणण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांतील फरक न कळल्यामुळेच बहुतांश गोंधळ होतो.

पहिला मार्ग म्हणजे यादीची फाइल तयार करून ती संगणकात उतरवून घेणे. याची तुलना सातबाऱ्याच्या उताऱ्याशी करता येईल. उतारा ज्या दिवशी काढला त्या दिवसापुरता तो खरा असतो. नंतर दप्तरात फेरफार झाला तर आपल्या हातातील कागदावर तो आपोआप उमटत नाही. त्याप्रमाणे फाइलद्वारे आणलेल्या यादीत उद्या मोबाइलवर टाकलेला नवा क्रमांक दिसणार नाही, आणि संगणकावर दुरुस्त केलेला पत्ता मोबाइलवर जाणार नाही. दुसरा मार्ग म्हणजे संगणकातील प्रोग्रॅमला थेट मूळ दप्तराशी जोडणे. या जोडणीला ‘सिंक’ असे म्हणतात आणि ती ज्या नियमांनी चालते त्यांपैकी सर्वांत रूढ नियमावलीचे नाव ‘कार्डडॅव्ह’ असे आहे.

नावावरून भारदस्त वाटले तरी कार्डडॅव्हचे काम सोपे आहे. प्रत्येक व्यक्तीची माहिती ‘व्हीकार्ड’ नावाच्या एका इलेक्ट्रॉनिक कार्डावर लिहिलेली असते. त्यावर नाव, आडनाव, ई-मेल, दूरध्वनी, पत्ता, संस्था असे ठरावीक रकाने असतात. व्हीकार्डची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यास पुढे आली, १९९८ मध्ये त्याची तिसरी आणि २०११ मध्ये चौथी आवृत्ती प्रमाणित झाली. कार्डडॅव्ह हे प्रमाणकही ऑगस्ट २०११ चेच आहे. सर्व्हरवरील प्रत्येक कार्डाला एक खूण असते. कार्डात बदल झाला की ती खूण बदलते. संगणकातील प्रोग्रॅम ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारणा करतो, खुणा ताडून पाहतो आणि बदललेली कार्डे तेवढी उतरवून घेतो. आपण संगणकावर केलेली दुरुस्तीही याच वाटेने सर्व्हरवर जाते. त्यामुळे पाच हजार नावांच्या यादीतही रोजची देवाणघेवाण अगदी थोडी असते आणि मंद इंटरनेटवरही ती चालून जाते. शिवाय कार्डांची प्रत संगणकात राहत असल्याने इंटरनेट बंद असतानाही पत्ते पाहता येतात.

गुगलने २०१२ मध्ये कार्डडॅव्हचा स्वीकार केला. ॲपलच्या आयक्लाउडमध्येही हीच पद्धत आहे. मायक्रोसॉफ्टने मात्र आपल्या आउटलुक डॉट कॉमच्या संपर्कांसाठी ती खुली केलेली नाही, ही गोष्ट सुरुवातीसच लक्षात घेतलेली बरी.

आधी पाहा, पत्ते खरोखर क्लाउडमध्ये आहेत का?

संगणकाला हात लावण्यापूर्वी मोबाइल तपासणे अगत्याचे आहे. ‘माझे सगळे नंबर गुगलमध्ये आहेत’ असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांचे निम्मे क्रमांक सिमकार्डावर किंवा फोनच्या अंतर्गत साठ्यात असतात. अँड्रॉइड फोनवर नवा क्रमांक साठविताना तो कोठे ठेवायचा, असा एक बारीक पर्याय वरच्या बाजूला दिसतो. तेथे ‘फोन’ किंवा ‘सिम’ निवडलेले असेल तर तो क्रमांक क्लाउडमध्ये जात नाही. सिमकार्डावर तर जेमतेम नाव आणि क्रमांकच मावतो, ई-मेलचा पत्ता सहसा नाहीच.

याची शहानिशा करण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे संगणकाच्या ब्राउझरमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट गुगल डॉट कॉम हे पान उघडून आपल्या खात्यात प्रवेश करणे. तेथे जी नावे दिसतील तीच क्लाउडमध्ये आहेत. मोबाइलवरील नावे तेथे दिसत नसतील तर फोनमधील गुगलच्या कॉन्टॅक्ट्स ॲपमध्ये सिंकच्या सेटिंगखाली फोनमधील संपर्कही सिंक करण्याचा पर्याय सुरू करावा, आणि सिमवरील नावे ‘इम्पोर्ट’ करून घ्यावीत. आयफोन वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये संपर्कांसाठीचे मुख्य खाते आयक्लाउड आहे की गुगल, हे पाहून घ्यावे. दोन्ही खाती चालू असतील तर नावे दोघांत विभागली जातात.

गुगलच्या पानावर ‘अदर कॉन्टॅक्ट्स’ नावाचा आणखी एक कप्पा असतो. ज्यांच्याशी कधीतरी ई-मेलचा व्यवहार झाला परंतु ज्यांना आपण स्वतः साठविले नाही, असे पत्ते तेथे जमा होतात. जीमेलमध्ये पत्र लिहिताना ते आपोआप सुचतात, म्हणून ते आपल्या यादीत आहेत असा समज होतो. प्रत्यक्षात हा कप्पा कार्डडॅव्हद्वारे संगणकावर येत नाही. ‘जीमेलमध्ये दिसतो तो पत्ता इथे का नाही?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा या कप्प्यात सापडते. हवे ते पत्ते तेथून मुख्य यादीत घेतले की काम होते.

दुसरी बाब नावांच्या लिखाणाची. आपल्याकडे ‘जोशी सर इन्शुरन्स’, ‘शिंदे भाऊ ट्रॅक्टर’, ‘संगमनेर गॅस’ अशी नावे साठविण्याची रीत आहे. मोबाइलवर फोन लावायला ती सोयीची असतात. परंतु ई-मेलच्या प्रोग्रॅममध्ये हेच नाव समोरच्या व्यक्तीच्या नावाच्या जागी लिहिले जाते आणि पत्र मिळणाऱ्याला ते दिसते. एखाद्या अधिकाऱ्याच्या नावाआधी आपण मोबाइलमध्ये खासगीत जोडलेले विशेषण त्याच्याच पत्रावर उमटणे कितपत रुचेल, हे वाचकांनीच ठरवावे. व्यवसायाची ओळख ‘कंपनी’च्या रकान्यात आणि खरे नाव नावाच्या रकान्यात लिहिणे हाच यावरील उपाय आहे.

थंडरबर्डमधील जोडणी

संगणकावर विनामूल्य मिळणाऱ्या ई-मेल प्रोग्रॅमपैकी मोझिलाचा ‘थंडरबर्ड’ हा जुना व जाणता. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. तरीही गुगलचे संपर्क थेट वाचण्याची सोय त्यात पुढील कित्येक वर्षे नव्हती. त्यासाठी इतरांनी तयार केलेल्या छोट्या पुरवण्या म्हणजे ‘ॲड-ऑन’ बसवावे लागत आणि थंडरबर्डची नवी आवृत्ती आली की त्या वारंवार बंद पडत. जुलै २०२० मधील ७८ व्या आवृत्तीने जुन्या धाटणीच्या पुरवण्यांना कायमचा निरोप दिला. गुगलनेही आपली जुनी संपर्क-यंत्रणा जानेवारी २०२२ मध्ये बंद केली. त्यामुळे त्याआधीच्या काळातील सूचना वाचून कोणी आज प्रयत्न करू लागला तर पदरी निराशाच येईल. ऑगस्ट २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीपासून कार्डडॅव्ह थंडरबर्डमध्येच समाविष्ट झाले आणि जून २०२२ च्या १०२ व्या आवृत्तीत ॲड्रेस बुकची संपूर्ण नवी मांडणी आली. आपल्या संगणकावर याहून जुनी आवृत्ती असेल तर प्रथम ती अद्ययावत करून घ्यावी.

प्रत्यक्ष कृती अशी. थंडरबर्ड उघडून डाव्या पट्टीतील ॲड्रेस बुकच्या चिन्हावर क्लिक करा. तेथील ‘न्यू ॲड्रेस बुक’ या बटणाशेजारच्या बाणावर क्लिक केल्यास ‘ॲड कार्डडॅव्ह ॲड्रेस बुक’ असा पर्याय दिसतो. तो निवडल्यावर एक छोटी चौकट येते. तीत युजरनेमच्या जागी आपला जीमेलचा पूर्ण पत्ता लिहा. खालचा ‘लोकेशन’चा रकाना गुगलच्या बाबतीत रिकामा ठेवला तरी चालतो, कारण पत्त्यावरून सर्व्हर कोणता हे थंडरबर्ड स्वतः शोधून काढतो. ‘कंटिन्यू’ दाबल्यानंतर गुगलचे प्रवेशाचे पान उघडते. पासवर्ड तेथे द्यावयाचा, थंडरबर्डमध्ये नव्हे.

यानंतरच्या पानावर बहुतेकांची गाडी अडते. गुगल विचारते की थंडरबर्डला तुमचे संपर्क पाहण्याची व बदलण्याची परवानगी द्यायची काय? परवानगीसमोरच्या चौकोनात खूण न करताच पुढे गेल्यास जोडणी झाल्यासारखी दिसते, पण यादी रिकामी राहते. तेव्हा चौकोनात खूण केल्याची खात्री करूनच पुढे जावे. प्रवेशाचे पान उघडतच नसेल किंवा पुन्हा पुन्हा तेच पान येत असेल, तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकी स्वीकारण्याचा पर्याय बंद आहे काय ते पाहावे. परवानगी मिळाली की आपल्या खात्यातील ॲड्रेस बुकचे नाव समोर येते. त्यावर खूण करून पुन्हा ‘कंटिन्यू’ म्हटले की नावे उतरू लागतात. यादी मोठी असल्यास काही मिनिटे धीर धरावा लागतो.

केवळ पासवर्ड देऊन गुगलचे खाते दुसऱ्या प्रोग्रॅमला जोडण्याची जुनी पद्धत व्यक्तिगत खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून बंद झाली आहे, हेही येथे नमूद करावयास हवे. या बदलानंतर अनेक कार्यालयांतील जुने प्रोग्रॅम एका दिवसात मुके झाले होते.

आयक्लाउडच्या बाबतीत पद्धत थोडी निराळी आहे. तेथे युजरनेम म्हणून ॲपल खात्याचा पत्ता आणि लोकेशनमध्ये कॉन्टॅक्ट्स डॉट आयक्लाउड डॉट कॉम असे द्यावे लागते. पासवर्ड मात्र नेहमीचा चालत नाही. ॲपल खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन त्या प्रोग्रॅमपुरता वेगळा पासवर्ड तयार करून घ्यावा लागतो. याहूचे जुने खाते आजही सांभाळून असलेल्यांनाही असाच स्वतंत्र पासवर्ड लागतो.

जोडणी झाल्यानंतर त्या ॲड्रेस बुकवर उजवे क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडल्यास किती मिनिटांनी सिंक व्हावे हे ठरविता येते. सामान्यतः तेथे ३० मिनिटे असतात व तेवढे पुरेसे आहे. त्याच ठिकाणी ‘रीड-ओन्ली’ असा पर्याय आहे. तो निवडल्यास संगणकावर नावे पाहता येतात, परंतु बदलता अथवा पुसता येत नाहीत. ज्या संगणकावर एकापेक्षा अधिक जण काम करतात तेथे हा पर्याय निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मूळ दप्तर सर्वांना दाखवावे, पण त्यात खाडाखोड करण्याचा अधिकार एकाकडेच असावा.

यादी आली, तरी जुनाच पत्ता का सुचतो?

थंडरबर्डमध्ये पत्र लिहिताना नावाची अक्षरे टाइप केली की तो सर्व ॲड्रेस बुकांमध्ये शोध घेतो. त्यात ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ नावाची एक वही असते. आपण ज्यांना ज्यांना पत्र पाठविले त्यांचे पत्ते या वहीत आपोआप जमा होत असतात, बंद पडलेले आणि चुकीचे टाइप झालेलेही. क्लाउडची यादी जोडूनही जुना पत्ता पुढे येतो तो येथूनच. सेटिंग्जमधील ‘कंपोझिशन’ या विभागात पत्ते आपोआप जमा करण्याचा पर्याय बंद करता येतो, किंवा ते कोणत्या वहीत जमा व्हावेत हे बदलता येते. जमा झालेल्या वहीतील कामाचे पत्ते वेचून क्लाउडच्या वहीत ओढून टाकावेत आणि उरलेले पुसून टाकावेत. हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण चुकीच्या पाटलांकडे पत्र जाण्याचा धोका त्यानेच टळतो.

उलट तक्रारही ऐकू येते. नाव यादीत दिसते, मात्र पत्र लिहिताना सुचत नाही. याचे कारण साधे असते. त्या कार्डावर फोन क्रमांक आहे, ई-मेलचा पत्ताच नाही. मोबाइलवरून आलेल्या यादीत अशी कार्डे बहुसंख्य असतात. दुसरे कारण लिपीचे. एकच व्यक्ती एका कार्डावर ‘कुलकर्णी’ अशी देवनागरीत आणि दुसऱ्यावर इंग्रजी अक्षरांत असेल तर संगणकाच्या लेखी त्या दोन व्यक्ती असतात. इंग्रजी अक्षरे टाइप केल्यावर देवनागरीतील नाव येत नाही. मराठी कळफलक वापरण्याची सवय नसणाऱ्यांनी नाव इंग्रजीत ठेवून टोपणनावाच्या रकान्यात ते देवनागरीत लिहावे. कार्ड एकच राहते आणि माहिती दोन्ही लिपींत मिळते.

गटांच्या बाबतीत मात्र निराशा पदरी येते. गुगलमध्ये ‘लेबल’ लावून केलेले ‘सभासद’, ‘संचालक मंडळ’, ‘पत्रकार’ यांसारखे गट थंडरबर्डच्या स्वतःच्या ॲड्रेस बुकमध्ये उतरत नाहीत, तसेच कार्डडॅव्हच्या वहीत पत्त्यांची सामायिक यादी तयार करता येत नाही. अशी यादी हवी असल्यास ती थंडरबर्डच्या स्थानिक वहीत करावी लागते, आणि ती त्याच संगणकापुरती राहते. गटांवाचून ज्यांचे चालत नाही त्यांच्यासाठी ‘कार्डबुक’ ही पुरवणी उपलब्ध आहे. सर्वसाधारण सभेची सूचना शेकडो सभासदांना पाठविणाऱ्या संस्थांनी हा मुद्दा आधीच विचारात घ्यावा.

आउटलुक वापरणाऱ्यांसाठी

अनेक खासगी कार्यालयांत मायक्रोसॉफ्टचे आउटलुक वापरले जाते. त्याचे दोन अवतार आहेत, जुने म्हणजे ‘क्लासिक’ आणि नवे. क्लासिक आउटलुकला कार्डडॅव्ह समजत नाही. गुगलची पैसे भरून घेतलेली ‘वर्कस्पेस’ सेवा असेल तर गुगलच्याच एका जोड-प्रोग्रॅमने संपर्क सिंक होतात. विनामूल्य जीमेल खात्यास ती सोय नाही. अशांना फाइलचाच मार्ग उरतो. आयक्लाउडचे संपर्क मात्र ‘आयक्लाउड फॉर विंडोज’ या ॲपलच्या प्रोग्रॅमद्वारे आउटलुकशी जोडता येतात.

नव्या आउटलुकमध्ये गुगलचे खाते जोडले की ई-मेलबरोबर संपर्कही येतात. मात्र त्यासाठी आपल्या ई-मेलची, दिनदर्शिकेची व संपर्कांची एक प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर ठेवली जाते. ही बाब संमती घेतानाच सांगितली जाते, परंतु ती वाचतो कोण? अशिलांची किंवा रुग्णांची नावे बाळगणाऱ्यांनी तरी ती वाचून मगच होकार द्यावा. विंडोजसोबत येणारे ‘मेल’ आणि ‘पीपल’ हे जुने प्रोग्रॅम ३१ डिसेंबर २०२४ पासून बंद झाले आहेत. त्यांत साठविलेल्या नावांवर आता विसंबून राहता येणार नाही.

ॲपलच्या मॅक संगणकावर फारसे सांगण्यासारखे नाही. सिस्टिम सेटिंग्जमधील इंटरनेट अकाउंट्समध्ये गुगलचे खाते जोडून ‘कॉन्टॅक्ट्स’ हा पर्याय सुरू केला की काम झाले.

फाइलचा मार्ग आणि एक्सेलचा दगा

फाइलच्या मार्गाने जाणाऱ्यांनी गुगल कॉन्टॅक्ट्समधून ‘एक्स्पोर्ट’ करताना तीन प्रकार दिसतील. गुगलचे सीएसव्ही, आउटलुकचे सीएसव्ही आणि व्हीकार्ड. आउटलुकसाठी दुसरा, थंडरबर्ड, ॲपल व इतर बहुतेक प्रोग्रॅमसाठी तिसरा प्रकार घ्यावा.

मराठी वाचकांनी येथे विशेष जपायला हवे. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक केले की ती एक्सेलमध्ये उघडते, आणि अनेकदा देवनागरी नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने ती चुकीच्या संकेतांनी वाचलेली असते. तशीच ती ‘सेव्ह’ केली तर मात्र नावे खरोखर नष्ट होतात. दगा क्रमांकांनाही होतो. ०२४१ ने सुरू होणाऱ्या नगरच्या दूरध्वनीमधील सुरुवातीचे शून्य एक्सेल गाळून टाकते, आणि ९१ जोडलेले बारा आकडी मोबाइल क्रमांक ‘९.१९ई+११’ अशा रूपात जातात. म्हणून एक्सेलमध्ये आधी कोरी वही उघडून ‘डेटा’ या विभागातून ‘फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही’ हा पर्याय घ्यावा, संकेतप्रणाली म्हणून ‘६५००१ युनिकोड यूटीएफ-८’ निवडावी आणि क्रमांकांचे रकाने ‘टेक्स्ट’ म्हणून आणावेत. ज्यांच्या जुन्या याद्या युनिकोडपूर्व काळातील मराठी फाँटमध्ये आहेत त्यांना ती नावे आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करावी लागतील, त्याला पर्याय नाही.

अशी दुरुस्त फाइल गुगलमध्ये पुन्हा चढविता येते. एका फाइलमध्ये ३,००० पर्यंत नावे चालतात आणि एका खात्यात २५,००० संपर्क मावतात. फाइल चढविल्यावर जुनी नावे जात नाहीत, नव्यांची भर पडते. त्यामुळे एकेका व्यक्तीची दोन-दोन कार्डे होतात. ती जुळविण्यासाठी गुगलमध्ये ‘मर्ज अँड फिक्स’ची सोय आहे. तथापि एकाच आडनावाचे व एकाच संस्थेतील दोघे असतील तर डोळे झाकून ‘मर्ज ऑल’ करू नये.

‘अहमदनगर’ बदलताना

नामांतरानंतर काहीजण यादीची फाइल उघडून ‘फाइंड अँड रिप्लेस’ने सगळीकडे जुन्या नावाऐवजी नवे नाव घालू पाहतात. ही चूक महागात पडू शकते. पत्त्याच्या रकान्यात नाव बदलणे योग्यच आहे. परंतु हेच शब्द अनेक ई-मेल पत्त्यांतही इंग्रजी अक्षरांत असतात. तेथे ते गावाचे नाव नसते, सर्व्हरवरील पेटीचे किंवा खात्याचे नाव असते. त्या संस्थेने स्वतः नवा पत्ता घेतल्याशिवाय आपण अक्षरे बदलली तर पत्र परत येते. तसा पत्ता दुसऱ्याच कोणी घेतलेला असल्यास ते भलत्याच्या हाती पडते. संस्थांच्या नोंदणीकृत नावांचेही तसेच. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अहमदनगर महाविद्यालयासारख्या संस्थांची नावे जिल्ह्याच्या नामांतराने आपोआप बदलत नाहीत. बिलावर किंवा नोटिशीवर नाव नोंदणीप्रमाणेच असावे लागते.

तेव्हा बदल केवळ शहर व जिल्हा या दोन रकान्यांपुरता करावा. पिन कोड आणि ०२४१ हा दूरध्वनी संकेतांक नामांतराने बदललेला नाही. चौदा तालुके आणि १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्रफळ असलेल्या, राज्यातील या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात तालुक्याचे नाव नसलेला पत्ता तसाही निरुपयोगी ठरतो. म्हणून हात लावलाच आहे तर प्रत्येक कार्डावर तालुकाही लिहून टाकावा. मोबाइल क्रमांक ‘+९१’ लावून साठवावेत. जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला फोन लावताना आधी शून्य लावावे लागते. पण क्रमांक +९१ सह असेल तर कोणत्याही मोबाइलवरून, परदेशातूनही, तो जसाच्या तसा लागतो.

पुसलेले नाव आणि गेलेला कर्मचारी

सिंकची जोडणी दुधारी असते. संगणकावर कार्ड पुसले की ते क्लाउडमधून आणि तेथून मोबाइलवरूनही जाते. ‘संगणकावर एवढी नावे कशाला?’ म्हणून कोणी शेकडो कार्डे एकदम निवडून डिलीट केली, तर थोड्याच वेळात फोनही रिकामा होतो. संगणकावर यादी नको असेल तर कार्डे न पुसता संपूर्ण ॲड्रेस बुकच थंडरबर्डमधून काढून टाकावे. त्याने केवळ जोडणी तुटते, सर्व्हरवरील नावे सुरक्षित राहतात.

अपघात झालाच तर गुगलमध्ये पुसलेले संपर्क ३० दिवस कचरापेटीत राहतात, आणि ‘अनडू चेंजेस’ या पर्यायाने संपूर्ण यादी गेल्या ३० दिवसांतील एखाद्या वेळेस जशी होती तशी परत आणता येते. एकतिसाव्या दिवशी मात्र काही उपाय उरत नाही. त्यामुळे महिन्यातून एकदा व्हीकार्डची फाइल काढून ती पेन ड्राइव्हवर ठेवणे हिताचे. सिंक ही काही सुरक्षित प्रत नव्हे. ती चूकही तितक्याच इमानाने सगळीकडे पोहोचविते.

छोट्या कार्यालयांसमोरील मोठा प्रश्न मात्र तंत्राचा नसून मालकीचा आहे. कार्यालयातील संगणकावर ज्या खात्याचे संपर्क जोडलेले असतात, ते खाते पुष्कळदा एखाद्या कर्मचाऱ्याचे खासगी जीमेल असते. तो नोकरी सोडून गेला आणि त्याने पासवर्ड बदलला, की कार्यालयाच्या यादीत नव्या नोंदी येणे थांबते. मालकाने त्याचे खाते तोडले तर यादीच हातची जाते. उलट कर्मचाऱ्याच्या घरच्यांचे, मित्रांचे क्रमांकही इतकी वर्षे कार्यालयाच्या संगणकावर सर्वांना दिसत असतात. म्हणून कार्यालयाच्या नावाने स्वतंत्र खाते उघडून व्यवसायाचे संपर्क त्यातच ठेवावेत. त्याचा परत मिळविण्याचा क्रमांक मालकाच्या नावावर असावा आणि कर्मचाऱ्यांच्या मोबाइलवर ते दुसरे खाते म्हणून जोडावे. वेगळे खाते असल्याने नोकरी सोडताना ते फोनवरून काढले की व्यवसायाची नावे जातात आणि घरची नावे राहतात.

संगणक विकताना किंवा दुरुस्तीला देताना थंडरबर्डमधील जोडणी काढून टाकावी. ते विसरल्यास गुगल खात्याच्या सुरक्षाविषयक पानावर इतर प्रोग्रॅमना दिलेल्या परवानग्यांची यादी असते. तेथे थंडरबर्डचे नाव शोधून परवानगी रद्द केली की त्या संगणकाचा सर्व्हरशी संबंध तुटतो. त्याच्या डिस्कवर आधी उतरलेली कार्डे मात्र याने पुसली जात नाहीत. ती प्रत्यक्ष त्या यंत्रावरूनच काढावी लागतात.